‘खर्रा सोडा’ म्हणण्याआधी

सानगडी, साकोली, लाखांदूर या पट्ट्यात खर्ऱ्याने कॅन्सर होतो हे माहीत नसलेला माणूस शोधूनही सापडणार नाही. दवाखान्याच्या भिंतीवर ते लिहिलेले आहे, शाळेच्या फाटकाजवळ लिहिलेले आहे, तंबाखूच्या पुडीवर तर सडलेल्या तोंडाचे चित्रच छापलेले आहे. तरीही तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाला आलेली मंडळी मंडपाबाहेर उभी राहून पन्नीतला खर्रा घोटताना दिसतात. ही माणसे मूर्ख नाहीत, निर्दयही नाहीत. त्यांना माहिती आहे, आणि तरी सुटत नाही.

म्हणजे अडचण माहितीची नाही. मग आपण आरोग्य कर्मचारी, कार्यकर्ते आणि घरातली माणसे पुन्हा पुन्हा तीच माहिती का देत बसतो? आमचे स्पष्ट मत आहे की सल्ला, धाक आणि लाज या तीन औषधांनी व्यसन सुटत नाही. उलट ज्याला सोडायचे आहे त्याचेही तोंड बंद होते. त्याऐवजी विचारणे आणि ऐकणे ही रीत शिकायला हवी. ही रीत म्हणजे मऊपणा नव्हे. ते शिकण्यासारखे, तपासून पाहिलेले कौशल्य आहे.

आधी दुखणे किती मोठे आहे ते पाहू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर तोंडात टाकणारे किंवा दाताला घासणारे २४.४ टक्के. आपल्याकडचे तंबाखूचे दुखणे धुराचे कमी आणि तोंडाचे जास्त आहे. पानठेल्यावरचा खर्रा म्हणजे कच्ची सुपारी, तंबाखू आणि चुना. लोक फक्त तंबाखूला नावे ठेवतात, पण सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कॅन्सरकारक ठरवले आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जातात. ज्याची दोनच जातात त्याने डॉक्टरांना दाखवायला हवे. आमच्या फिरतीत विशी-पंचविशीतली पोरे भेटतात, ज्यांना भाकरीचा घास धड घेता येत नाही.

आता हा पोरगा दवाखान्यात आला की काय होते? बहुतेक ठिकाणी संवाद असा असतो: “किती खातोस? बंद कर. मरशील. बायका-पोरांचा विचार कर.” पोरगा मान हलवतो, “हो जी” म्हणतो, बाहेर पडतो आणि पहिल्या ठेल्यावर थांबतो. कागदावर मात्र समुपदेशन झालेले असते.

असे का होते हे समजून घेतले पाहिजे. व्यसन असलेला माणूस सहसा दोन मनांचा असतो. एक मन म्हणते सोडावे, दुसरे म्हणते आज नाही. आपण जोर लावून “सोड” म्हटले की सोडण्याची बाजू आपण घेतली. मग त्याच्या वाट्याला दुसरी बाजू उरते. तो म्हणतो, “माझा बाप ऐंशी वर्षे जगला, रोज खात होता.” हे बोलताना तो स्वतःचेच ऐकत असतो, आणि जे आपण स्वतःच्या तोंडाने बोलतो ते आपल्याला अधिक पटते. आपल्या चांगल्या हेतूने आपण त्याला खर्ऱ्याचा वकील बनवतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर दारूच्या व्यसनावर काम करत होते. त्यांनी १९८३ मध्ये एका लेखात यावर वेगळी वाट मांडली आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत तिच्यावर पुस्तक लिहिले. इंग्रजीत या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. आपण तिला ‘प्रेरक संवाद’ म्हणू. तिचे मर्म एका वाक्यात सांगता येते: बदलाची कारणे सांगणाऱ्याच्या नव्हे, बदलणाऱ्याच्या तोंडून आली पाहिजेत. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तर असे दिसले की समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितका तो रुग्ण वर्षभरानंतर जास्त पीत होता. रागावणे निरुपयोगी असते एवढेच त्यातून दिसत नाही. ते नुकसानही करू शकते.

हा संवाद प्रत्यक्षात कसा असतो? खालचे बोलणे कोणा एका माणसाचे नाही. गावोगाव जे ऐकायला मिळते त्यातून ते जुळवले आहे.

“भाऊ, खर्ऱ्याबद्दल थोडं बोललो तर चालेल का?”

“बोला ना जी.”

“खर्रा खाल्ल्यानं तुम्हाला बरं काय वाटते?”

“भूक लागत नाही. रोवणीच्या दिवसांत दुपारपर्यंत काम ओढता येते. चार जणांत बसलं की एकमेकाला द्यावंही लागते.”

“म्हणजे कामाला आधार होते, आणि सोबत्यांत मानही राहते. आणि नकोसं काय वाटते?”

“आता तिखट सहन होत नाही. लहानी पोरगी म्हणते, बाबा तुमच्या तोंडाचा वास येते. जवळ बसत नाही.”

“पोरगी जवळ बसत नाही, हे मनाला लागते.”

“लागते जी. तिच्यासाठी तरी सोडावं असं वाटते. पण होत नाही.”

इथे नीट लक्ष द्या. “सोडावं” हा शब्द परिचारिकेने उच्चारलेला नाही. तो त्या भावाच्या तोंडून आला. त्याआधी परिचारिकेने बोलायची परवानगी मागितली. खर्ऱ्यातले चांगले काय ते आधी विचारले, म्हणून त्याला बचाव करावा लागला नाही. त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगितले, म्हणून आपले ऐकले जात आहे हे त्याला कळले. “खर्रा खाता का?” असा हो-नाहीचा प्रश्न विचारला असता तर हो किंवा नाही एवढेच हाती आले असते.

पुढची पायरी अंकांची. “शून्य ते दहा धरले तर खर्रा सोडणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते?” तो म्हणतो, “चार.” आपल्या जिभेवर लगेच येते, “चारच का? आठ का नाही?” हा प्रश्न गिळायचा. तो विचारला की सबबींची यादी सुरू होते. विचारायचे ते उलट: “चार म्हणालात, दोन का नाही म्हणालात?” आता त्याला सोडण्याची कारणे द्यावी लागतात. पोरगी, तिखट, खिशातले पैसे. एक खर्रा २० रुपयांचा धरला आणि दिवसाला तीन, तर महिन्याचे १,८०० रुपये होतात. हा हिशेब आपण करून दाखवला तर तो टोमणा ठरतो. त्याने स्वतः बोटांवर मोजला तर तो निर्णयाच्या जवळ येतो.

मग विचारायचे, “याआधी कधी काही दिवस बंद ठेवला होता का?” बहुतेकांनी ठेवलेला असतो. बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती म्हणून पाच दिवस, पोराच्या परीक्षेच्या वेळी आठ दिवस. ते पाच दिवस म्हणजे अपयश नव्हे, तो त्याच्या ताकदीचा पुरावा आहे. तसे त्याला सांगायचे. माहिती द्यायची वेळ यानंतर येते, तीही विचारून: “तोंडाबद्दल एक गोष्ट सांगू का?” तीन बोटांची तपासणी दाखवायची आणि पुन्हा विचारायचे, “यावर तुम्हाला काय वाटते?” शेवटी त्याचे सगळे बोलणे दोन वाक्यांत गोळा करून त्याच्यासमोर ठेवायचे आणि पुढचे पाऊल त्यालाच ठरवू द्यायचे. एखादा म्हणेल, सकाळचा पहिला खर्रा बंद करतो. एखादा म्हणेल, रोवणी संपली की पाहू. तेही चालेल. “मग रोवणीनंतर येऊ का?” असे विचारून दार उघडे ठेवायचे.

वाचक म्हणतील, हे सगळे परदेशातले. आपल्या माणसांवर चालते का? याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. तेथील संगाथ संस्थेच्या डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूमुळे त्रासात असलेल्या ३७७ पुरुषांना अभ्यासात घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. निम्म्यांना त्याशिवाय प्रेरक संवादावर आधारलेले समुपदेशन मिळाले, जास्तीत जास्त चार भेटी. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसोपचारतज्ज्ञही नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. मागच्या १४ दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले पहिल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८ टक्के. वर्षानंतरही फरक टिकला. धोक्याखाली आलेले ५४ टक्के विरुद्ध ३२ टक्के. लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने पहिले निष्कर्ष छापले.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे पीतच राहिले त्यांचे रोजचे पिणे कमी झालेले दिसले नाही. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा घरातल्या बाईला होणाऱ्या मारहाणीतही फरक आढळला नाही. म्हणून नवऱ्याशी प्रेरक संवाद चालू आहे, तोवर बाईने मार सहन करावा, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हाला मुळीच मान्य नाही. त्या बाईला कायद्याचे संरक्षण, माहेरचा आणि वस्तीचा आधार आधी मिळाला पाहिजे. संवाद हे एक औषध आहे, सगळ्या रोगांवरचे नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या पद्धतीत आणखी एक मोलाची गोष्ट आहे. आपल्या वस्तीतला मजूर दवाखान्यात जातो तेव्हा त्याला बहुतेक वेळा ‘तू’ ऐकावे लागते. वय पन्नास असो की साठ, “ए, तोंड उघड.” पिढ्यान् पिढ्या ज्यांनी हुकूम ऐकले, त्यांना आरोग्याच्या नावाने आणखी एक हुकूम ऐकवला जातो. मग तो ऐकल्यासारखे करतो आणि विसरतो. हुकूम पचवायची ती त्याची जुनी रीत आहे. त्याला “भाऊ, तुम्हाला काय वाटते?” असे विचारणे ही नुसती सभ्यता नाही. तुझ्या शरीराबद्दल तुझे मत मोलाचे आहे, हे त्याला पहिल्यांदा कोणीतरी सांगत असते.

आपण विहारात रोज पाचवे शील घेतो. ते शब्द आठवा. त्यात वरून कोणी “पिऊ नको” असे बजावत नाही. घेणारा स्वतःच्या तोंडाने, स्वतःसाठी दूर राहण्याचा नियम स्वीकारतो. पण आपण वागतो कसे? दारू प्यायलेला माणूस विहाराच्या पायरीवर आला की चारचौघांत त्याला झापतो. तो पुन्हा विहाराकडे फिरकत नाही, ठेक्याकडे मात्र रोज जातो. तिथे त्याला कोणी लाज देत नाही. शील स्वतः घ्यायचे असते, दुसऱ्याच्या अंगावर फेकायचे नसते.

एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकू येतो: बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते, इतके बोलायला वेळ कुठे आहे? वेळ कमी आहे हे खरे. पण जे पाच मिनिटे रागावण्यात जातात, तीच पाच मिनिटे दोन प्रश्नांत जाऊ शकतात. आणि आज संधी तर सरकारी कामातच आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांसाठीचा तपासणी फॉर्म आशाताई घरोघरी भरतात. त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, दारूचा आहे, कमरेच्या मापाचा आहे. उत्तरावर खूण होते, गुण मांडले जातात आणि ताई पुढच्या घरी जाते. जिथे संवाद सुरू व्हायला हवा तिथे तो संपतो. यात आशाताईंचा दोष नाही. त्यांना मोबदला फॉर्मचा मिळतो, बोलण्याचा नाही, आणि बोलायचे कसे हे कोणी नीट शिकवलेले नाही. आम्हा परिचारिकांच्या पदविकेतही आरोग्य शिक्षण म्हणजे तक्ता हातात धरून सांगणे हेच मुख्य होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्याच चळवळीतून येतो. माणसाशी गोड बोलून त्याला बदलायला लावायचे, म्हणजे सगळी जबाबदारी त्या गरिबावर टाकून व्यवस्थेला मोकळे सोडायचे का? नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खर्रा गल्लोगल्ली घोटला जातो. या भागातल्या गरीब हातांनी वर्षानुवर्षे तेंदूपत्ता तोडला, बिड्या बांधल्या. तंबाखूनेच चूल पेटवली आणि तंबाखूनेच छाती जाळली. उपाशीपोटी चिखलात वाकून रोवणी करणाऱ्याला भूक मारायला खर्रा लागतो, तेव्हा प्रश्न त्याच्या इच्छाशक्तीइतकाच त्याच्या मजुरीचाही असतो. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियानात दारू-तंबाखूविरुद्ध गावाची संघटना आणि व्यसनींचे उपचार या दोन्ही बाजू एकत्र धरल्या गेल्या. तेच बरोबर आहे. ठेल्याविरुद्ध ग्रामसभेत ठराव आणि ठेल्यावरच्या माणसाशी संवाद, दोन्ही एकाच वेळी चालले पाहिजेत. ठराव करताना आवाज चढवा, त्या माणसाशी बोलताना खाली आणा.

काही गोष्टींत मात्र वाट पाहायची नसते, आणि तिथे स्पष्ट सांगणेच योग्य. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागले, तर मन तयार होण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणे, झटके, भ्रम असा जीवघेणा त्रास दोन-तीन दिवसांत होऊ शकतो. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबावे. तंबाखूचे तसे नाही, ती एकदम सोडता येते. पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड होते, काही आठवड्यांत ती ओसरते. तलफ आली तरी ती काही मिनिटांची असते. पाणी, भाजलेली बडीशेप, हाताला काम, यांवर ती निघून जाते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी आहे. मानसिक त्रासासाठी १४४१६ आहे.

आमची मागणी मोठी नाही. आशाताई, परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना तक्ता वाचण्याऐवजी संवादाचे प्रत्यक्ष सरावातून प्रशिक्षण मिळावे, आणि पुढच्या भेटीत पुन्हा बोलण्याचाही मोबदला मिळावा. वर्षावासात विहारात बायाबापड्या जमतात, तिथे महिला मंडळाने एक दिवस हा सराव ठेवावा. एकीने खर्रा खाणारी व्हावे, दुसरीने विचारणारी, बाकीच्यांनी ऐकावे. कोणी सल्ला दिला की टाळी वाजवून थांबवावे. पहिल्या दिवशी टाळ्याच टाळ्या पडतील. सल्ल्याची सवयही सुटायला वेळ लागते.

आणि घरातल्या माय-बहिणींना एक सांगणे. नस किंवा गुडाखू घासणाऱ्या सासूशी, खर्रा खाणाऱ्या नवऱ्याशी, ठेल्यावर उभा राहू लागलेल्या पोराशी भांडून तुम्ही थकला आहात. आज संध्याकाळी एकच बदल करून पाहा. “सोडत का नाही?” ऐवजी विचारा, “सोडावंसं कधी वाटलं होतं का?” विचारून झाले की गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागेल, कदाचित आज येणारही नाही. पण जेव्हा येईल तेव्हा मधे बोलू नका. त्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू द्या.

जयभीम.